मृण्मयीच्या वाढदिवसाची भेट

आमचा कोंबडा पहाटे आरवतो म्हणून शेजारच्या शामसुंदरकाकांनी कॉलनीच्या ग्रुपवर रोज तक्रारींचा सपाटा लावला होता. शेवटी एक दिवस ते फाटकाशी येऊन ओरडले, "या कॉलनीत एक तर तो राहील, नाहीतर मी!" माझी लेक साक्षी रडून रडून हैराण झाली, पण आम्ही कोंबडा एकलहरे गावातल्या ओळखीच्यांना देऊन टाकला. त्यांनी पहिल्याच रविवारी त्याचा रस्सा केला.

मागे राहिलेली कोंबडी अंड्यांवर बसलीच होती. पिल्लं निघाली, दीडेक महिन्याची झाली आणि काकांच्या नातीचा वाढदिवस आला. मी पाच पिल्लं निवडली, टोपलीला रिबीन बांधली आणि मृण्मयीला नेऊन दिली.

काका हरखलेच. "आता गावरान अंडी घरच्या घरी!" म्हणत त्यांनी जुन्या कूलरच्या पत्र्याचं खुराडं स्वतःच्या हातानं बनवलं, तेही लक्ष राहावं म्हणून आपल्या बेडरूमच्या खिडकीखाली. मृण्मयीनं पाचही जणांना नावं दिली. शाळेतून आली की ती त्यांना मांडीवर घेऊनच बसते.

असे तीनेक महिने गेले आणि आज पहाटे त्या खिडकीखाली पाच कोंबडे एकदम आरवले. साक्षी दचकून उठली.



"झोप गं," मी म्हटलं, "तुरे आधी लाल व्हायला लागलेले, म्हणजे नरच निवडून दिले होते मी. आता सांगू दे काकांना नातीला, 'एक तर हे कोंबडे राहतील, नाहीतर मी!'"