भंडारा उचलला

"घरात कुणी न्हाई," भागुबाई बंद दाराआडून म्हणाली.

आतून दबकं कण्हणं ऐकू येत होतं. अनुसया नर्सनं ओळखलं, भागुबाईची सून मुक्ता अडली आहे आणि नर्सच्या कानावर जाऊ नये म्हणून तिच्या तोंडात पदराचा बोळा कोंबला आहे.

याच खुटबावात अनुसयाबाईंना न्यायला पूर्वी बैलगाडी यायची. मुक्ताचा नवरा पोपट त्यांच्याच हातावर जन्मला होता. पण शहात्तर साल उजाडलं आणि बाळंतपणं करणारी बाई गावाच्या लेखी नसबंदीसाठी माणसं धरून नेणारी झाली. दौंडचे साहेब म्हणत, "बाळंतपणं राहू द्या. ऑपरेशनची केस आणा, नाहीतर नोकरीवर पाणी सोडा." या महिन्यात बाईंना एकही केस मिळाली नव्हती. पाय तुटेस्तोवर उन्हात हिंडायचं आणि लागलेली दारं बघून परत फिरायचं. त्यांना या कामाचा वीट आला होता.

"भागुबाई, दार उघडा. पोरीचा जीव जाईल!"

दार किलकिलं झालं. फटीतून भंडाऱ्याची वाटी पुढं आली.

"हिला ऑपरेशनला न्हेणार न्हाई म्हणून खंडोबाचा भंडारा उचला. तवाच आत या."

बाईंचा खंडोबावर विश्वास नव्हता. पण दिलेला शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता. मुक्ताचं हे चौथं मूल. हातची केस जाणार होती आणि कदाचित नोकरीही. बाईंनी भंडारा उचलला.

मूल पायाळू होतं. बाईंना घाम फुटला. शेवटी एकदाची पोर रडली. भागुबाई पाणी तापवायला परसात गेली आणि बाई भिंतीला टेकून बसल्या. दमल्या होत्या, पण बरं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी त्यांनी आपलं काम केलं होतं.

मुक्तानं त्यांचा हात धरला.

"बाई, माझं ऑपरेशन करा."

बाईंनी परसाकडं पाहिलं. "अगं, तुझ्या सासूला शब्द दिलाय मी. आता तुला कशी नेऊ?"

"नका न्हेऊ," मुक्ता हळूच म्हणाली. "भंडारा तुमी दोघींनी ठरवून उचलला. मला कुणीच इचारलं न्हाई. सव्वा महिना सरू द्या, माझी मी चालत येते."