तीन ठोके

"अ दोषी नाही," मुलगी म्हणाली.

सर पुढच्या मुलाला बोलावणार होते. फौजदारी कायद्याची तोंडी परीक्षा सकाळपासून चालली होती आणि या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना तोंडपाठ होतं. गेली सहा वर्षं सर लेखी आणि तोंडी, दोन्ही परीक्षांत हाच प्रश्न विचारत आले होते. म्हाताऱ्याच्या पोतडीत दुसरं काही उरलेलं नाही, असं मुलं आपापसात म्हणायची.

प्रश्न समोरच्या छापील कागदावर होता. अ आणि ब शेजारी राहतात. दोघेही एकटे. एका दुपारी ब च्या छातीत कळ येते. तो मधल्या भिंतीवर तीन ठोके मारतो. अ उत्तरपत्रिका तपासत असतो. त्याला ठोके ऐकू येतात, समजतातही, पण तो उठत नाही. ब मरतो. अ गुन्हेगार आहे का?

नाही. काही न करणं हा एरवी गुन्हा नसतो. करायला बांधलेले असाल आणि केलं नाही, तरच. माणूस बांधला जातो तो कायद्यानं, रक्ताच्या नात्यानं, नाहीतर दिलेल्या शब्दानं. शेजारी तर ना नात्याचा, ना गोत्याचा.

अ म्हणजे सर स्वतःच, हे मुलांना कुठून ठाऊक असणार? ब शेजारचा घड्याळजी होता. त्या दुपारी सरांचे सहा पेपर उरले होते. तेवढे संपवून जाऊ, असं त्यांना वाटलं. तो गेला आणि सरांशी बोलायला चिटपाखरू उरलं नाही. दरवर्षी ते लेखी परीक्षेतली एक चांगली उत्तरपत्रिका निवडत आणि घरी त्या भिंतीसमोर बसून मोठ्यानं वाचत. पाचशेवर मुलांनी त्यांना निर्दोष सोडलं होतं. एवढे न्यायाधीश कुठल्या आरोपीच्या नशिबी येतात! तरी पुढच्या वर्षी प्रश्न पुन्हा घालावासा वाटेच.

"सर, एक विचारू?" मुलगी अजून उठली नव्हती.

"विचार."

"ठोके तीनच का?"

"म्हणजे?"

"प्रश्नात उगाच काही घातलेलं नसतं, असं तुम्हीच सांगता ना. भिंतीवर आवाज आला तर मला वाटेल, कुणी खिळा ठोकतंय. अ ला मात्र लगेच समजलं. मग त्या दोघांचं आधी काही ठरलं होतं का?"

सरांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला.

"तसं कागदावर लिहिलेलं नाही."

"हो. म्हणूनच दोषी नाही म्हटलं. कागदावर नाही ते आरोपीच्या माथी मारायचं नाही." ती जराशी थांबली. "पण लिहिलेलं असतं, तर माझं उत्तर बदललं असतं."

सरांनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. ती गेली. दार किलकिलं करून शिपायानं विचारलं, "सर, पुढचा पाठवू का?"

"थांबा जरा."

दार पुन्हा लागलं. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि समोरची रिकामी भिंत. सहा वर्षं खटला चालवला, पण मुख्य पुरावाच सरांनी कोर्टापुढे येऊ दिला नव्हता. त्यांना फार लाज वाटली. मग त्यांनी प्रश्नाचा कागद पुढे ओढला आणि दोन ओळींच्या मधल्या जागेत बारीक अक्षरांत लिहिलं:

'एक ठोका म्हणजे, जागा आहेस का. दोन म्हणजे, चहा टाकलाय. तीन म्हणजे, धावत ये. हे ठरलं तेव्हा अ म्हणाला होता, हातातलं काम टाकून येईन.'