खोडापासून चार बोटं

बाबांनी मूठभर ओली माती उचलली, दाबून तिचा गोळा केला आणि अंगठ्याने हलकेच टोचला. गोळा भुसभुशीत फुटला.

"उत्तम," ते म्हणाले.

ठकीने रोखून धरलेला श्वास सोडला. दर रविवारी तिचा जीव असाच टांगणीला लागायचा. चाळिशी उलटलेल्या, अख्खं वाचनालय सांभाळणाऱ्या बाईला घरात अजून ठकीच म्हणत, आणि सध्या ती त्या नावाला जागत होती. कारण बाबा ज्या नीलमोहराच्या बुंध्याशी बसले होते, तो त्यांचा नव्हताच.

त्यांचा नीलमोहर जुन्या घरासमोर होता. ठकी सात वर्षांची असताना आईने आणि बाबांनी तो लावला. वाढीला असा हावरट की दोन वर्षांत तिच्या डोक्यावर गेला आणि बघता बघता छपराच्याही वर. आई त्याच्या बुंध्याला कपड्यांची दोरी बांधायची. तिचा वळ खोडात कायमचा रुतला होता. फुलांचा सडा पडला की अंगण जांभळं व्हायचं आणि आई कुणाला केरसुणी लावू द्यायची नाही. "पायघड्या कुणी झाडतं का?" म्हणायची.

आई गेल्यावर बापलेक दोन खोल्यांत राहायला आले, पण रविवारी झाडाकडे जाणं चुकलं नाही. बाबा जन्मभर सरकारी बागेत माळी होते. माती हातात घेतली की तिची कुंडली सांगत.

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि होती नव्हती ती नजरही गेली. त्याच आठवड्यात रस्ता रुंद करायला झाड कापलं. ठकी शेवटची फांदी पडेपर्यंत तिथे उभी होती. भेटीची वेळ संपत आली म्हणून तशीच धावत हॉस्पिटलात गेली.

"झाड कसं आहे?" पट्टी बांधलेल्या बाबांनी विचारलं.

"मस्त आहे की."

नजर गेली, बायको आधीच गेली, आता झाडही गेलं हे कुठल्या तोंडाने सांगणार? माणूस अंथरुणाला खिळला असता. तिने विषय काढला, "बाबा, त्याला माती कशी घातली होती हो आपण? सहज विचारते."

बाबांनी हाताशी आलेलं तिच्या ओढणीचं टोक चाचपलं. मग म्हणाले, "माप आता कुठलं लक्षात! नर्सरीवालीला विचार. माझ्याच हाताखाली शिकलीय, तिला पाठ असेल."

वाचनालयाच्या मागे तेवढ्याच उंचीचा एक नीलमोहर होता, पण त्याची माती काळी, चिकट, पाणी धरून ठेवणारी. बाबांच्या बोटांनी ही चोरी एका चिमटीत पकडली असती. ठकी नर्सरीत गेली. एक रोप द्यायचं तर सात पिढ्यांची चौकशी करणारी ती बाई, पण त्या दिवशी तिने चकार शब्दाने काही विचारलं नाही. कोपऱ्यात भरून ठेवलेली तीन पोती माती रिक्षात घातली आणि आत निघून गेली.

चार दिवस खपून ठकीने बुंध्याभोवतीची वीतभर काळी माती मुळांना न दुखवता उकरली, नवी भरली. आवाज वेगळे का येतात, याला "रस्ता रुंद झाला ना, बाबा," ही थाप तयार होती. रिक्षाही दोन गल्ल्या जास्त फिरायची.

भीती होती ती फक्त खोडाची. एकदा हात फिरला असता तर दोरीचा वळ नाही हे कळलं असतं. पण दोन वर्षांत बाबांचा हात तिथे गेला नाही. "खोडाला माती टेकवू नये, चार बोटं सोडावी," ते म्हणत. "हातसुद्धा. झाडाची ख्यालीखुशाली मातीला विचारायची." ठकी मनातल्या मनात नशिबाला हात जोडायची.

आणि एक गोष्ट तिला कबूल करावी लागे. आई गेली तेव्हा तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. घरात आईचा विषय निघाला की ती उठून जायची. झाडाखाली मात्र, तेव्हा तिथे आणि आता इथे, पालापाचोळा पसरता पसरता ती बोलत सुटे. आईची दोरी, आईच्या पायघड्या, आईचा ओरडा. मधेच रडे, मधेच हसे. बाबा माती मोकळी करत नुसतं म्हणत, "मग गं?"

आज उठताना ते म्हणाले, "माती खाली बसलीय, ठके. पोतंभर आणून टाक."

संध्याकाळी ती नर्सरीत गेली. नर्सरीवाली लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. तिच्या सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या.

"नीलमोहराची माती? ती खास आहे, बाई. माप चिठ्ठीत लिहिलंय," म्हणत त्यांनी बियांच्या डब्याच्या झाकणातून एक घडी काढली. "माझा चष्मा घरी राहिलाय. तूच वाच मोठ्याने, मी भरायला सांगते."

कागद हॉस्पिटलचा होता. अक्षर बाबांचं, पण ओळी एकमेकींच्या अंगावर चढलेल्या, न बघता लिहिल्यासारख्या.

"लाल माती तीन पाट्या," ठकीने वाचलं. "जाडी वाळू दीड पाटी. पानांचं खत दीड. विटांचा चुरा दोन मुठी."

ती थांबली.

"पुढे वाच की गं," सासूबाई म्हणाल्या.

पुढे लिहिलं होतं: 'तीन पोती आजच भरून ठेव. ठकीच्या ओढणीला आज ओल्या लाकडाच्या भुशाचा वास होता. झाड गेलं. ती माती मागायला येईल, काही विचारू नकोस. आईमागे तिला तेवढंच उरलं होतं, म्हणून मी फसणार आहे.'