माउसमागे फिरणारे डोळे

तळवड्यातल्या आमच्या डिझाइन ऑफिसात सगळे एकाच सर्व्हरवर लॉगिन करतात. प्रोग्रॅम तिथं चालतो, विंडो आपल्या स्क्रीनवर उघडते. स्क्रीनची परवानगी खुली राहिली, तर दुसरा कुणीही तिथं हवी ती विंडो उघडू शकतो.

नवी आलेली स्वरूपा ती परवानगी बंद करायला विसरली. मी तिच्या स्क्रीनवर डोळे पाठवू लागलो. एका छोट्या विंडोत दोन गोल डोळे, माउस जाईल तिकडं बघणारे. तिनं बंद केले की मी पुन्हा पाठवायचो. तिनं त्या कोपऱ्यावर कागद चिकटवला, तर मी डोळे मोठे केले. सगळा फ्लोअर हसायचा.

"सर, बंद करा ना," ती रडकुंडीला येऊन म्हणायची.

"मी कुठं काय करतोय?"

दीड महिन्यात तिनं नोकरी सोडली.

सोमवारी जेवणानंतर डोळे माझ्या स्क्रीनवर उघडले. माझी परवानगी तर मी कायम बंद ठेवतो.

"ज्ञानेश, पुरे की राव."

"मी कुठं काय करतोय, मुकुंदसर?" समोर बसलेला ज्ञानेश म्हणाला. फ्लोअर हसला.

मी चिडून नेटवर्कची वायर उपटली. सर्व्हरशी कनेक्शन तुटलं, ड्रॉइंग गेलं. डोळे राहिले.

माउस डावीकडं नेला, तरी ते वळले नाहीत. माझ्या उजव्या खांद्यावरून मागं बघत राहिले. माझ्यामागं फक्त भिंत आहे, खुर्ची तिला टेकलेली असते.

ज्ञानेशचं हसू थांबलं. तोही तिकडंच बघत होता.

मग डोळ्यांची नजर हळूहळू खाली येऊ लागली, मागं उभं असलेलं कुणी माझ्या कानाशी वाकत असावं तशी.