पंचनामा होईस्तोवर

वादळाला बारा दिवस झाले, तरी आबासाहेबांनी घरावर ताडपत्री टाकू दिली नाही.

शेजारचा मच्छिंद्र ती खांद्यावर घेऊन दारात उभा होता. पहाटे पुन्हा पाऊस पडून गेला होता. घराला चार भिंती होत्या आणि वर आभाळ होतं. कोपऱ्यातल्या बाजेवर सून धनश्री एकवीस दिवसांच्या लेकीला पदराखाली घेऊन बसली होती. लेकीच्या छातीतली घरघर दारापर्यंत ऐकू येत होती.

"आबा, निदान बाळंतिणीला तरी माझ्याकडं पाठवा," मच्छिंद्र म्हणाला. "माझं स्लॅबचं घर हाय. टिपूस गळत न्हाई."

"अन् सायेब आलं म्हंजी?" आबासाहेब म्हणाले. "घरात मानसं दिसली न्हाईत तर हितं कुनी ऱ्हातच न्हाई असं लिवत्यात. ताडपत्री दिसली तर नुसकान झालंच न्हाई म्हनत्यात. पंचनामा होईस्तोवर कशाला हात लावायचा न्हाई."

त्यांना हे सगळं ठाऊक होतं, कारण तीस वर्षं त्यांनी कोतवालकी केली होती. साहेबांची बॅग धरायची, चावडी झाडायची, पंच गोळा करायचे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी सरकारवरचा त्यांचा जीव काही उतरला नव्हता. अरबी समुद्रातलं चक्रीवादळ फिरत फिरत इकडे आलं आणि त्याच्या वाऱ्याने निम्म्या गावाचे पत्रे उडाले, तेव्हा कशाला हात लावू नका म्हणून गावभर सांगत तेच हिंडले. लोकांनी माना डोलावल्या आणि दोन दिवसांत आपापली छपरं घालून घेतली. गावात एवढी अक्कल तरी होती. आबासाहेबांचा मुलगा वाल्मिक टोळीबरोबर ऊसतोडीला गेलेला होता. त्याच्या माघारी घरात आबासाहेबांचाच शब्द चालायचा.

सरकारही स्वस्थ बसलेलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी टीव्हीवर जाहीर झालं की एकही नुकसानग्रस्त वंचित राहणार नाही. चौथ्या दिवशी शिर्डीला दर्शनाला निघालेल्या एका मंत्र्याने विमानाच्या खिडकीतून पाहणी केली. खाली सगळे ढगच होते, पण पाहणी झाली. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नाव वाढलं, गावातल्या फेऱ्या काही वाढल्या नाहीत.

आबासाहेबांच्या बायकोने, कडूबाईंनी, नवऱ्याशी बोलणं टाकलं होतं. बोलायच्या त्या चुलीशी. "वली लाकडं फुकून डोळं गेलं. जळलं ते सरकार अन् जळली ती कोतवालकी." आबासाहेब ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

दहाच्या सुमाराला जीप आली. आबासाहेबांनी टोपी झटकली, सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि सुनेला खूण केली, की बाळाला घेऊन पुढे ये, दिसली पाहिजेस. लाज वाटावी असाच प्रकार होता. त्यांना नाही वाटली.

साहेब तरुण होते. बाहेरचा चिखल पाहून ते खाली उतरलेच नाहीत, नुसती काच खाली केली.

"या सायेब," आबासाहेब पुढे धावले. "कायबी हलीवलं न्हाई बगा. पत्रं पडल्यालं तिथंच हायेत. करा पंचनामा."

"पंचनामा?" साहेबांनी मोबाईलमधून मान वर केली. "आबा, तुमच्या गावचे पंचनामे होऊन आठ दिवस झाले. मी पुढच्या गावाचा रस्ता विचारायला थांबलोय."

"पर बगायला आलं कोन हुतं?"

"त्याला यायचं कशाला?" साहेबांनी मागच्या सीटवरची फाइल घेतली, नाव विचारून पानं उलटली आणि एक कागद समोर धरला. कागद आबासाहेबांच्याच घराचा होता. पुढे लिहिलं होतं: किरकोळ पडझड. कुटुंब सुखरूप. निवाऱ्याची गरज नाही. खाली पंचांच्या सह्या होत्या. "यातली पहिली तुमचीच ना?"

त्यांचीच होती. वेळेला पंच मिळत नाहीत, म्हणून कोऱ्या पंचनाम्यांवर आधीच सह्या घेऊन ठेवायची चावडीतली रीत जुनी. आबासाहेबांनीच ती तीस वर्षं जपली होती. वादळाच्या दुसऱ्या दिवशी फाट्यावरच्या हॉटेलात कारकुनाने चहा पाजला, चाळीस कोरे कागद पुढे सरकवले आणि यांनी मोठ्या मानाने चाळीस सह्या ठोकल्या. त्यातला एक आपल्याच घराचा निघेल हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. जन्मभर साहेबांच्या डोक्याने चाललेल्या माणसाच्या ते मनात यावं तरी कसं!

"अर्ज द्या," साहेब काच वर करत म्हणाले. "फेरपंचनाम्याचं बघू. तोपर्यंत घराला हात लावू नका."

जीप चिखल उडवत गेली. आबासाहेब रस्त्याकडे बघत उभे राहिले. आता तरी या माणसाचे डोळे उघडतील असं मच्छिंद्रला वाटलं. पण ते वळले आणि सदऱ्याच्या खिशातलं पेन चाचपत म्हणाले, "आठ-पंधरा दिसाचा तर परश्न हाय. कळ काढू. अर्ज मी आत्ताच लिवतो."

कडूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

धनश्री बाजेवरून उठली. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण सासऱ्यासमोर तिने कधी मान वर करून शब्द काढला नव्हता. तिने लेकीला त्यातल्या त्यात कोरड्या गोधडीत गुंडाळलं, उंबरा ओलांडला आणि ती त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली.

"आमी सुखरूप हाये म्हनून सही केलीया ना तुमी, मामा?" ती म्हणाली. "ती सही खरी करायला मी मच्छिंद्रभाऊंच्या घरी निघाले."