रेकॉर्डिंगमधली टाळी

या, जरा सतरंजीवर पुढे सरका. मेहरूणच्या बन्सीलालनानांची गोष्ट सांगतो.

नाना कीर्तनात पखवाज वाजवायचे. पुतण्या भूषणने त्यांना स्पीकरवर जाझचं जुनं रेकॉर्डिंग लावून दिलं. पियानो, बेस आणि ड्रम, तिघंच. साठ वर्षांपूर्वी परदेशातल्या कुठल्याशा हॉटेलात लोकांपुढे वाजवलेलं. मागे पेल्यांची किणकिण, शेवटी टाळ्या. बेसवाला टाळकऱ्यासारखा चाल धरून ठेवी, पियानोवाला बुवांसारखा ऐन रंगात थबके. नानांना त्यात कीर्तनच सापडलं.

रोज चहानंतर ते लावायचे. शेजारी त्यांच्या पत्नी कुंदाबाई वाती वळत बसायच्या. पियानो थबकला, की म्हणायच्या, "वा, महाराज." वर टोमणा, "त्या ड्रमवालाना हात तुमनापेक्षा हलका शे."

परवा पेल्यांच्या किणकिणीत नानांना बांगड्या ऐकू आल्या.

काल "वा, महाराज" दोनदा आलं. एकदा शेजारून, एकदा स्पीकरमधून.

आज ते एकदाच आलं. नानांनी वळून पाहिलं. कुंदाबाईंचे ओठ हलत होते, बांगड्याही हलत होत्या. आवाज मात्र सगळा स्पीकरमधून येत होता.

"कुंदा, बंद करू का गं?"

"कीर्तनातून मध्येच उठू नये," त्या रेकॉर्डिंगमधल्या गर्दीतून म्हणाल्या.

मग टाळ्या सुरू झाल्या. शेजारी कुंदाबाईंचे तळहात आवाज न करता एकमेकांवर पडत होते. हळूहळू बाकीचे थांबले आणि स्पीकरमध्ये एकटीचीच टाळी उरली.

नानांनी कुंदाबाईंचे दोन्ही हात घट्ट धरले.

टाळी थांबली नाही.

आरतीला हात जोडाल, तेव्हा कुंदाबाईंची आठवण असू द्या.