पर्सनॅलिटीला शोभणारी गाडी

“काका, ही नको. तुमच्या पर्सनॅलिटीला शोभणार नाही,” सेल्समन म्हणाला.

पर्सनॅलिटी म्हणजे पोट, हे ड्रायव्हरला कळलं. पण तो खाली उतरला नाही. शोरूममधल्या सगळ्यात लहान मोटरसायकलवर तो बसला होता, आणि त्यामुळे मोटरसायकल दिसेनाशी झाली होती. पुढून एक दिवा दिसत होता, मागून एक दिवा दिसत होता. मधला सगळा भाग ड्रायव्हर होता.

“दाजी, उतरा,” मेहुणा म्हणाला. “लोक म्हणतील, खेळण्यातली गाडी चावी देऊन सोडलीय.”

मेहुण्याकडे स्वतःची भलीमोठी मोटरसायकल होती. रविवारी तो ती धुवायचा आणि सोमवारी झाकून ठेवायचा. त्यामुळे या विषयातलं त्याला सगळं कळत होतं.

सेल्समनने कोपऱ्यातल्या मोठ्या गाडीवरचं कापड ओढलं. गाडी कसली, म्हैसच ती. ड्रायव्हरने तिच्याकडे आदराने पाहिलं आणि मान हलवली.

“मी अजून शिकतोय. म्हणजे मी पडणार. माझ्याबरोबर ही पडणार. मग दोघांना उचलणार कोण? आमच्या दोघांत एकच जाडा असलेला बरा.”

सेल्समनने म्हशीच्या सीटवर थाप मारली.

उभा जन्म ड्रायव्हरने शहरात बस चालवली होती. आता निवृत्त झाला होता. इतकी वर्षं वारा काचेच्या पलीकडे आणि माणसं पाठीशी. कुणी खोकतंय, कुणी भांडतंय, कुणी थांबा मागे गेला म्हणून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतंय. दुचाकीशी त्याचा संबंध फक्त हॉर्न देण्यापुरता आला होता. आता एवढीच हौस उरली होती, की काच नको, छप्पर नको आणि मागे माणूस नको.

“निदान मागची सीट तरी बघा काका, किती ऐसपैस...”

“तिचं काय करू? आता पाठीमागे कुणीसुद्धा नको.”

हे त्याच्या मागेच उभ्या असलेल्या बायकोने ऐकलं. ती त्याच्याच बसवर कंडक्टर होती, म्हणजे पाठीमागच्या मंडळींत मोडत होती. तिने पर्सची चेन उघडली, आत पाहिलं, बंद केली. बोलायचं ते घरीच बोलून झालं होतं. शोरूमच्या आवारात एक चक्कर मारायची. धड मारली, तर मोटरसायकल. नाही जमली, तर दुचाकीचं पुन्हा नाव काढायचं नाही. चार चाकांची, छपराची, सभ्य माणसांची गाडी घ्यायची आणि गप्प बसायचं.

ती लहान गाडी मागच्या आवारात नेली. बातमी फुटली असावी. मेकॅनिक हात पुसत आला. हिशेब बघणारी बाई चहाचा कप घेऊनच आली. वॉचमनने फाटक वाऱ्यावर सोडलं. ड्रायव्हरने बिनकाचेचं हेल्मेट मागून घेतलं. ते डोक्यात जाईना, तेव्हा दोघांनी मिळून बसवलं.

त्याने डावा आरसा पाहिला. उजवा पाहिला. पुन्हा डावा पाहिला. इंजिन सुरू केलं, क्लच दाबला, गिअर टाकला. आणि थांबला.

गाडी फुरफुरत राहिली. मंडळी बघत राहिली.

“क्लच सोडा काका. हळूहळू.”

काही झालं नाही.

“वजन पेलत नसेल,” मेकॅनिक म्हणाला.

“मी काय सांगत होतो?” मेहुणा म्हणाला. त्याचा चेहरा बोहल्यावर उभं राहिल्यासारखा फुलला होता.

ड्रायव्हरला दरदरून घाम फुटला. भीती म्हणावी तर भीती नव्हती. दोन्ही पाय जमिनीला टेकले होते. समोर मोकळं आवार होतं. क्लच कसा सोडायचा ते झोपेत विचारलं तरी सांगितलं असतं. पण बोटं सुटेनात. काहीतरी व्हायचं राहिलं होतं. काय, ते काही केल्या आठवेना. म्हणजे संपलंच. उरलेला जन्म छपराखाली.

बायकोने पर्स काखेत मारली आणि तरातरा चालत आली. त्याला वाटलं, आता ही चावी काढून घेणार.

“पुढे सरका,” ती म्हणाली. “सरका हो, सरका. पुढे जागा आहे.”

तो सरकला. कुठे सरकला, हे विज्ञानालाही सांगता येणार नाही. मागे चार बोटं सीट उघडी पडली. ती तिथे बसली. गाडी हुश्श करून खाली दबली. सेल्समनने डोळे मिटून घेतले.

मग तिने बोट वाकवून हेल्मेटवर ठोकलं. टक, टक.

बोटं आपोआप सुटली.

गाडी निघाली! वॉचमन टुणकन बाजूला झाला. पहिलं वळण ड्रायव्हरने बसच्या हिशेबाने घेतलं, एवढं रुंद, की हिशेबवाल्या बाईला कपासकट भिंतीला चिकटावं लागलं. वारा थेट त्याच्या तोंडावर आला, दातांवर आला, कारण तो हसत सुटला होता. मागे बायको किंचाळत होती आणि किंचाळता किंचाळता हसत होती. दोघांच्या हसण्याने गाडी डुगडुगत होती, पण कलंडत नव्हती. ठरली होती एक चक्कर. ती कधीच होऊन गेली होती आणि कुणी थांबायचं नाव घेत नव्हतं.

मेहुणा धापा टाकत गाडीच्या बरोबरीने पळू लागला.

“ताई! अगं, मघाशी गाडीला झालं काय होतं?”

“गाडीला काय धाड भरलीय?” ती वाऱ्यातून ओरडली. “कंडक्टर खाली राहिला होता!”